शब्दांची सोयरीक

माणसांच्या सोयरिकी जमवणारी माणसे आपल्या समाजात काही कमी नाहीत. प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत असा एखादा उत्साही गृहस्थ किंवा एखादी मावशी असायचीच. पण शब्दांच्या सोयरिकी कोण जमवतो, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. लालचे जमले भडकशी, पिवळ्याचे धमकशी, हिरव्याचे गारशी, पांढऱ्याचे शुभ्रशी आणि काळ्याचे कुट्टशी. यांच्या पत्रिका कुणी पाहिल्या? याद्या कुणी केल्या? एखाद्या सुधारकाने 'हिरवा धमक' किंवा 'पिवळाकुट्ट' असा नवा संसार थाटून द्यायचे ठरवले, तर चार वर्षांचे पोरसुद्धा खुदकन हसेल. त्या पोराला नाम म्हणजे काय आणि विशेषण म्हणजे काय याचा पत्ता नसतो. पण या घरात कोण कुणाचे आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आपल्या नेहमीच्या बोलण्याकडे जरा कान देऊन पाहा. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणते, काळोख मिट्ट, चांदणे टिपूर आणि झोप गाढ. भूक लागते, झोप येते, थंडी वाजते आणि घाम सुटतो. दूध नासते, आमटी आंबते, तेल खवट होते आणि फळ सडते. बिघडण्याची क्रिया मुळात एकच, पण प्रत्येक पदार्थाने तिच्यासाठी आपापला शब्द राखून ठेवला आहे. दूध खवट झाले असे कुणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण त्याच्या मनात लगेच येते, 'हे गृहस्थ आपल्याकडचे दिसत नाहीत.'

इंग्रजीचे घराणे सातासमुद्रापलीकडचे असले, तरी त्या घरातही हीच तऱ्हा आहे. तिथे पाऊस 'हेवी' असतो आणि वारा 'स्ट्राँग'. चहा 'स्ट्राँग' असतो आणि मोटार 'पॉवरफुल'. आता 'स्ट्राँग' आणि 'पॉवरफुल' या सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. दोघींच्या अंगी बळ. तरी चहाच्या घरी 'पॉवरफुल' नांदत नाही आणि मोटारीच्या घरी 'स्ट्राँग'चे फारसे जमत नाही. मायकेल हॅलिडे या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली याच दोन शब्दांचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा ऊहापोह केला, आणि तेव्हापासून हा 'स्ट्राँग' चहा भाषाशास्त्राच्या पुस्तकातून सारखा उकळतो आहे. इंग्रजीत दूध 'सावर' होते, लोणी 'रॅन्सिड' होते आणि अंडे 'रॉटन' निघते. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात जे चालते, तेच तिकडच्याही.

हा सारा प्रकार मौजेचा वाटावा असाच आहे. पण माझ्या एका विद्यार्थिनीला तो मौजेचा वाटला नाही.

ती कल्याणची. पहिलीपासून पदवीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि मराठी घेऊन बी. ए. झालेली. वडिलांचे काम सुटलेले, आई चार घरी पोळ्या करून देणारी, आणि धाकट्या भावाच्या कॉलेजची फी डोक्यावर. ठाण्याच्या एका कचेरीत तिला मुलाखतीचे बोलावणे आले. दिवस आषाढातले. गाड्या उशिरा धावत होत्या. ती पाऊण तास उशिरा पोचली आणि समोरच्या गृहस्थांनी साहजिकच कारण विचारले. तिने धीर करून इंग्रजीत उत्तर दिले. मनात मराठी वाक्य होते: 'जोराचा पाऊस होता, तिकीट काढायला वेळ लागला.' तोंडातून आले ते असे, की 'स्ट्राँग रेन' होता आणि तिकीट 'रिमूव्ह' करायला वेळ लागला. त्या गृहस्थांनी विचारले, 'रिमूव्ह? कुठून रिमूव्ह केलंत?' शेजारचे दोघे हसले. मग एकाने ते वाक्य दाराशी उभ्या असलेल्या तिसऱ्याला ऐकवले आणि तोही हसला. पुढचे प्रश्न तिला नीट ऐकूच आले नाहीत.

चार दिवसांनी ती मला भेटायला आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, तक्रारही नव्हती. तिने एवढेच विचारले, "सर, माझ्या वाक्यात व्याकरणाची चूक कुठे होती?"

मी ते वाक्य कागदावर लिहून पाहिले. कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, काळ बरोबर. व्याकरणाची चूक नव्हतीच. आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना मी तो कागद दाखवला. ते म्हणाले, "चूक नाही, पण असं म्हणत नाहीत."

"का म्हणत नाहीत?"

"म्हणत नाहीत म्हणून."

उत्तर ऐकून मला हसू आले. पण पुढे पाहू लागलो तेव्हा कळले, की एवढ्याशा उत्तराभोवती विद्वानांनी आयुष्ये घालवली आहेत.

त्यातले एक जे. आर. फर्थ. हे मूळचे यॉर्कशायरचे. पण १९२० च्या सुमारास ते लाहोरला होते, तिथल्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. पुढे मायदेशी परतून १९४४ साली ते लंडन विद्यापीठात सामान्य भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. ब्रिटनमध्ये या विषयाचे प्राध्यापकपद मिळवणारे ते पहिलेच. १९५१ साली त्यांनी 'कोलोकेशन' या शब्दाला भाषाशास्त्रात मानाचे आसन दिले. आपण त्याला शब्दांची संगत म्हणू. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की शब्दाचा अर्थ एकट्या शब्दाच्या पोटात नसतो. तो कुणाबरोबर उठतो-बसतो, यावरही ठरतो. इंग्रजी 'नाइट' आणि 'डार्क' यांची सोबत हा त्या दोघांच्याही अर्थाचाच एक भाग आहे. हे वाचले आणि मला आपला 'मिट्ट' आठवला. त्याला काळोखापासून वेगळा काढा, म्हणजे तो बिचारा जवळजवळ मुकाच होतो.

फर्थ यांच्याही आधी तिकडे जपानात हॅरल्ड पामर नावाचे इंग्रज शिक्षक याच प्रश्नाशी झुंजत होते. जपानी मुले शब्द पाठ करीत, व्याकरण पाठ करीत आणि तरीही बोलताना अडखळत. १९३३ साली पामर यांनी इंग्रजी शब्दांच्या अशा जोड्यांचा एक अहवाल तोक्योत प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी पुढे शिकणाऱ्यांसाठी कोश रचला. तो १९४२ साली जपानात छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. आपल्याकडे कॉलेजच्या पोरांच्या पिशवीत आणि वडिलांच्या टेबलावर दिसणारी ती ऑक्सफर्डची जाडजूड डिक्शनरी ही त्याच कोशाची वंशज. म्हणजे परक्या मुलाला हसे ऐकावे लागू नये, या काळजीतून जन्माला आलेला ग्रंथ आपल्या घरोघरी होता आणि आपण त्यातून फक्त शब्दार्थ आणि स्पेलिंग पाहत होतो!

पण खरा धक्का बसला तो आपल्या कोल्हापूरचे नाव वाचून. तिथल्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९८६ साली एक मोठे काम पुरे केले. भारतात १९७८ साली छापून आलेल्या इंग्रजी मजकुरातून त्यांनी ५०० उतारे निवडले. प्रत्येक उतारा सुमारे २,००० शब्दांचा. एकूण शब्द दहा लाख. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात तिथल्या १९६१ सालच्या मजकुराचा असाच संग्रह झाला होता, ब्रिटिश इंग्रजीचाही झाला होता. त्यांच्या पंगतीला भारतीय इंग्रजीचे पान वाढले गेले ते कोल्हापुरात. जगातल्या अभ्यासकांत तो संग्रह 'कोल्हापूर कॉर्पस' या नावानेच ओळखला जातो. चप्पल आणि तांबडा रस्सा यांच्यापलीकडेही कोल्हापूरची कीर्ती आहे ती अशी.

या संग्रहांचा उपयोग कसा होतो? एक शब्द मधोमध बसवायचा आणि संगणकाला विचारायचे, याच्या डाव्या आणि उजव्या हाताला नेहमी कोण कोण असते? डोंबिवलीच्या लोकलमधला चौथ्या सीटवरचा प्रवासी हे काम अंगभूत करीत असतो. रोज सकाळी ८ च्या सुमाराला डब्यात कुणाशेजारी कोण बसते, हे त्याला डोळे मिटून सांगता येते. आज इथे अमुक दिसत नाहीत, हे तो ओळखतो ते नियमावरून नव्हे, सवयीवरून. शब्दांच्या बाबतीत संगणकही याहून निराळे काही करीत नाही.

लोकलचा विषय निघालाच आहे, तर आपल्या भागाबद्दलही सांगितले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढल्या वर्षी ती कल्याणला पोचली. गाडीबरोबर इंग्रजी शब्दही आले. पण सुटे सुटे आले नाहीत, जोडीजोडीने आले. ज्या आजींनी जन्मात इंग्रजीची इयत्ता पाहिली नाही, त्याही 'फास्ट लोकल' आणि 'स्लो लोकल' बिनचूक म्हणतात. 'मेगा' म्हणजे काय हे त्यांना विचारू नका. पण रविवार उजाडला की मेगाच्या मागून ब्लॉक येणार, हे त्यांना ठाऊक असते. 'ओव्हरहेड'चा अर्थ त्यांना सांगता येणार नाही, पण ओव्हरहेड म्हटले की पुढे वायर असते, ती तुटलेली असते, आणि मुलगा आज रात्री उशिरा जेवणार असतो, इतका सगळा अर्थ त्यांना एका शब्दातून कळतो. फर्थसाहेबांना याहून चांगला विद्यार्थी लंडनमध्ये मिळाला नसता.

शिवाय आपण काही नुसते उधारीवर जगलो नाही. इंग्रजी शब्द घेऊन त्यांच्या सोयरिकी आपण आपल्या रीतीने जमवल्या. हॉटेलात 'डबल रूम' म्हणजे दोन माणसांची एक खोली. आपल्या चाळीत 'डबल रूम' म्हणजे दोन खोल्या, माणसे कितीही. इंग्रजांना 'कझिन' एकटा पुरतो. आपल्याला तो पुरेना. कारण तो भाऊ की बहीण हेच त्यातून कळत नाही. ज्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ असे चार वेगळे उंबरठे आहेत, तिला हा मोघमपणा कसा परवडावा? म्हणून आपण त्याला 'ब्रदर' जोडून दिला आणि 'कझिन ब्रदर' हा नवा नातेवाईक घरात आणला. इंग्रज नाक मुरडतो. पण गरज आमची होती, जोडी आम्ही लावली.

असे असताना ती मुलगी अडखळली कुठे? याचा मी पुष्कळ विचार केला, आणि मला वाटते, दोष तिच्या बुद्धीचा नव्हता. आपल्या शिकवण्याच्या रीतीचा होता. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतूनही इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे शाळेच्याच दहा इयत्ता ती इंग्रजी शिकली. पण कशी? वहीचे पान मधोमध दुमडून. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. 'स्ट्राँग' म्हणजे जोरदार, 'रेन' म्हणजे पाऊस, 'रिमूव्ह' म्हणजे काढणे. प्रत्येक शब्द एकटा, जणू काही अनाथाश्रमातून नाव-गाव पुसून आणलेला. तिने ते इमानाने पाठ केले, आणि वेळ आली तेव्हा आपल्या मराठी संसाराच्या नमुन्याप्रमाणे त्यांची लग्ने लावली. जोराचा पाऊस आपल्याकडे शोभून दिसतो. तिकडे दिसला नाही.

आपल्या 'काढणे' या एका क्रियापदाचाच व्याप पाहा. आपण तिकीट काढतो, पास काढतो, फोटो काढतो, रांगोळी काढतो, कर्ज काढतो, भांडण उकरून काढतो, झोप काढतो, वेळ काढतो आणि हलाखीचे दिवसही काढतो. यांतला एकही पदार्थ कुठून 'रिमूव्ह' होत नाही. इंग्रजीत याच ताकदीचे गडी आहेत 'टेक' आणि 'मेक'. तिकडे फोटो 'टेक' करतात, आंघोळ 'टेक' करतात, वेळही 'टेक' करतात; आणि चूक, ओळख, पैसा, आवाज हे सारे 'मेक' करतात. परीक्षेची तर गंमतच. आपल्याकडे परीक्षा विद्यार्थी देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत नेमके उलट: घेणारा विद्यार्थी, देणारा शिक्षक. परीक्षेला 'बसणे' मात्र दोन्हीकडे सारखे, कारण बसल्याशिवाय कुणाचीच सुटका नाही.

आणि गाडीचे पाहा. इंग्रज म्हणतो, 'मी गाडी चुकवली,' असा काहीसा भाव त्याच्या 'मिस'मध्ये असतो. कर्ता तो स्वतः. आपण म्हणतो, 'माझी गाडी चुकली.' म्हणजे मी वेळेवर निघालो होतो, जिना धापा टाकीत चढलो होतो, चुकली ती गाडी! ठाणे-कल्याणकडच्या माणसाला रोज किती समाधान हे एक वाक्य देत असेल, याची कल्पना बाहेरच्याला यायची नाही. तेव्हा शब्दांच्या जोडीत त्या त्या लोकांची जगाकडे पाहण्याची रीतही असते. ती शब्दार्थाच्या वहीत उतरवून घेता येत नाही.

आता याच नाण्याची दुसरी बाजू सांगतो.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी ठाण्याला इंग्रजी शाळेत जाते. दिवाळीच्या आधी चार दिवस ती आमच्याकडे डोंबिवलीला आजीच्या हाताखाली म्हणून येते. गेल्या खेपेला आल्या आल्या म्हणाली, "आजी, मी आंघोळ घेऊन येते, मग आपण लाडू बनवू आणि मग चकल्या बनवू." घरातली सगळी हसली. तिची आत्या म्हणाली, "किती गोड बोलते!" आणि तिच्या हातावर पहिला लाडू ठेवला गेला.

आई मात्र हसली नव्हती. तिने बेसनाची परात पुढे ओढली आणि म्हणाली, "लाडू बनवत नाहीत गं, वळतात."

"का पण, आजी?"

आईने कोमट बेसनाचा गोळा तिच्या तळहातावर ठेवला, तिची बोटे आपल्या हाताने मिटवली आणि म्हणाली, "वळ, म्हणजे कळेल."

आणि तिला कळले. हात गोल फिरू लागला, की त्या क्रियेला वळण्याखेरीज दुसरे नाव देताच येत नाही. मग त्या दुपारी आईने तिला सगळेच सांगितले. चकल्या सोऱ्यातून पाडतात. करंज्या भरतात. शंकरपाळे कातण्याने कापतात. अनारसे खसखशीवर थापतात. चिवड्याला फोडणी देतात. संध्याकाळी पणत्या लावतात, तोरण बांधतात, रांगोळी काढतात, आणि पाडव्याला, भाऊबीजेला ओवाळणी घालतात. एका 'बनवणे'च्या हवाली हे सारे केले, तर फराळाच्या ताटातले पदार्थ तेवढेच राहतील, पण आजीच्या हातांच्या निरनिराळ्या हालचाली भाषेतून पुसल्या जातील. आपल्याकडे म्हणतात, कळते पण वळत नाही. माझ्या आईने त्या म्हणीची उलटी बाजू दाखवली: आधी वळले, मग कळले. शब्दांच्या जोड्या अशाच शिकायच्या असतात.

ते दृश्य मला फार आवडले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या आत्याचे हसू आणि कचेरीतले ते हसू ही दोन्ही मनात शेजारी शेजारी येऊन बसली. दोन मुली. दोघींनीही केले ते एकच. एका भाषेतले शब्द दुसऱ्या भाषेच्या नात्यांनी जोडले. एकीने इंग्रजीच्या चालीवर आंघोळ घेतली, दुसरीने मराठीच्या चालीवर तिकीट काढले. एकीच्या हातावर लाडू ठेवला गेला. दुसरीच्या हातची नोकरी गेली. इंग्रजी शाळेतल्या मुलाचे मराठी अडखळले तर ते गोड, आणि मराठी शाळेतल्या मुलाचे इंग्रजी अडखळले तर तो अडाणी, हा निवाडा कुठल्या व्याकरणात बसतो? आणि हा निवाडा करणारे कुणी परके नसतात. त्या कचेरीतले तिघेही आपल्यापैकीच होते, असे ती म्हणाली. त्यांच्याही आजोळी कुणी ना कुणी तिकीट काढूनच प्रवास केला असणार.

कुणी म्हणेल, मग काय, ज्याने त्याने हवे तसे बोलावे की काय? माझे तसे म्हणणे नाही. जोडी नीट जमली पाहिजे, हा आग्रह मी वर्गात रोज धरतो. पण आपल्या शुद्धपणाचा फार तोराही नको. आम्ही मराठीचे अध्यापक प्रश्नपत्रिकेत हटकून लिहितो, 'अमुक कवीच्या निसर्गप्रेमावर प्रकाश टाका.' हा 'टाकलेला' प्रकाश इंग्रजीच्या वळणाने आपल्याकडे आला. काळा बाजार, शीतयुद्ध, श्वेतपत्रिका या जोड्याही तिकडूनच वरात घेऊन आल्या आणि इथे अशा नांदल्या, की त्यांचे माहेर आता कुणी विचारत नाही. सून घरची झाली, की ती कुठल्या गावची हा प्रश्न उरत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की नवी सून आणताना जुनीला घराबाहेर काढायचे की काय? 'आंघोळ घेणे' आले म्हणून 'आंघोळ करणे' जायचे, 'बनवणे' आले म्हणून वळणे, पाडणे, थापणे सगळेच जायचे, हे मात्र मला सोसत नाही. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९४२ आणि १९४७ साली महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन खंड काढून मराठी बोलण्यातल्या अशा किती लकबी जपून ठेवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. पण दर्जा सरकार देते आणि कोश विद्वान देतात. शब्दांना संगत द्यायची ती घराने आणि शेजाराने.

त्या मुलीला मी शिकवले असे म्हणणार नाही. इंग्रजी हा माझा विषय नव्हे. मी तिला एक कोरी वही दिली आणि सांगितले, की पान मधोमध दुमडायचे नाही. एकटा शब्द लिहायचाच नाही. लिहायची ती जोडी. 'रेन' नको, 'हेवी रेन' लिही. 'तिकीट' नको, 'बाय अ तिकीट' लिही. 'मिस्टेक' नको, 'मेक अ मिस्टेक' लिही. आणि शेजारी मराठीतलीही जोडीच लिही: मुसळधार पाऊस, तिकीट काढणे, चूक करणे. कल्याण ते ठाणे या प्रवासात, कधी उभ्याने, कधी चौथ्या सीटवर अर्धी टेकून, तिने सात-आठ महिन्यांत ती वही भरली. तिच्या इंग्रजी शिक्षिकेने ती तपासून दिली. वही भरत आली तेव्हा ती मला म्हणाली, "सर, गंमत म्हणजे इंग्रजीसाठी वही घातली आणि मराठीच जास्त कळायला लागलं. आई दिवसभर काय काय बोलते, ते मी आता लक्ष देऊन ऐकते."

पुढे तिला दुसरीकडे नोकरी लागली. भावाची फी भरली गेली. मध्यंतरी फोन आला होता, तेव्हा तिने तिच्या कचेरीतली एक हकीगत सांगितली. येणाऱ्या लोकांसाठी मराठीत एक पाटी लावायची होती. इंग्रजी शाळेत शिकलेल्या एका नव्या मुलाने हौसेने मजकूर लिहिला: 'कृपया आसन घ्या आणि शांतता ठेवा.' पाटी छापून आली आणि सगळे खो खो हसले. तो मुलगा कानापर्यंत लाल झाला.

"तूही हसलीस का?" मी विचारले.

"नाही, सर. मी त्याला बाजूला नेऊन सांगितलं, व्याकरणाची काही चूक नाहीये. फक्त शांतता आपल्याकडे राखतात."